श्रेयनामावलीचा धागा धरून : चित्रपट, पुस्तके आणि संगीत स्वतः शोधण्याची रीत

पाहण्यासारखे, वाचण्यासारखे किंवा ऐकण्यासारखे काही सुचवा, असे कोणी म्हटले की बहुतेक जण एक यादी पुढे करतात. यादीतली दोन-तीन नावे आपल्याला आवडतात, बाकीची तशीच पडून राहतात, आणि काही महिन्यांनी आपण पुन्हा नव्या यादीच्या शोधात निघतो. या लेखातही बरीच नावे येणार आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकाची शिफारस मी मनापासून करतो. परंतु ती एका रीतीची उदाहरणे म्हणून येणार आहेत. कलाकृती आवडली की आपण तिच्या दर्शनी नावाकडे, म्हणजे दिग्दर्शक, नट, लेखक किंवा गायक यांच्याकडे वळतो. प्रत्यक्षात आपल्याला जे आवडलेले असते ते पुष्कळदा संकलकाचे (दृश्ये कापून जोडणाऱ्याचे), छायालेखकाचे (कॅमेरा सांभाळणाऱ्याचे), अनुवादकाचे, संगीत-संयोजकाचे (गाण्याचा वाद्यमेळ बांधणाऱ्याचे) किंवा एखाद्या साथीदाराचे काम असते. त्या दुसऱ्या फळीतल्या नावांचा माग काढला की यादीची गरज हळूहळू कमी होत जाते. हा माग कसा काढायचा, ते पुढे क्रमाने सांगितले आहे.

पहिली पायरी : आवडण्याचे कारण लिहून ठेवा

सुरुवात स्वतःला मनापासून आवडलेल्या एकाच कलाकृतीने करावी. ती थोर समजली जाणारी असलीच पाहिजे असे नाही. ती का आवडली ते एका वहीत दोन वाक्यांत लिहावे; मात्र ‘कथा छान होती’, ‘अभिनय उत्तम होता’ अशी वाक्ये लिहू नयेत, कारण त्यांतून पुढे कुठेच जाता येत नाही. ‘माणसे बोलायची थांबल्यावरही कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर रेंगाळतो’, ‘गाण्यात शब्दांच्या मागे दुसरीच एक सुरावट चालू असते’, ‘निवेदक सगळे सांगत नाही, काही राखून ठेवतो’ अशा प्रकारचे वाक्य हवे. पहिले वाक्य छायालेखकाकडे किंवा संकलकाकडे बोट दाखवते, दुसरे संगीत-संयोजकाकडे आणि तिसरे लेखकाच्या निवेदनपद्धतीकडे. हे काम पाच मिनिटांचे आहे, पण ते टाळले तर पुढच्या सगळ्या पायऱ्या डळमळीत होतात.

दुसरी पायरी : श्रेयनामावली सावकाश वाचा

घरबसल्या चित्रपट दाखवणारी ॲप शेवटची नावे दिसू लागताच ती कोपऱ्यात ढकलून पुढचा चित्रपट सुरू करतात. सेटिंग्जमध्ये जाऊन हे आपोआप सुरू होणे आधी बंद करावे. जुन्या हिंदी, मराठी आणि बंगाली चित्रपटांत नावे बहुधा सुरुवातीलाच येतात. तिथे चित्रपट थांबवून कथा, पटकथा, संवाद, छायालेखन, संकलन, कलादिग्दर्शन, गीते आणि संगीत एवढी आठ नावे टिपून घ्यावीत.

या पायरीचे माझे आवडते उदाहरण म्हणजे बिमल रॉय यांचा १९५८ सालचा ‘मधुमती’. तो बहुतेकांच्या लक्षात राहिला आहे तो दिलीपकुमार आणि वैजयंतीमाला यांच्यामुळे आणि गाण्यांमुळे. श्रेयनामावली मात्र थक्क करणारी आहे. कथा ऋत्विक घटक यांची, संवाद राजिंदरसिंह बेदी यांचे, संकलन हृषीकेश मुखर्जी यांचे, गीते शैलेंद्र यांची आणि संगीत सलील चौधरी यांचे. पाच नावे म्हणजे पाच वाटा आहेत, आणि एकही वाट दुसरीसारखी नाही.

ऋत्विक घटकांच्या नावाचा माग काढला तर त्याच वर्षीचा त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला ‘अजांत्रिक’ हा बंगाली चित्रपट सापडतो. खडखडाट करणारी जुनी मोटार आणि तिच्यावर माणसासारखी माया करणारा तिचा चालक एवढाच त्याचा ऐवज आहे. ‘मधुमती’च्या पुनर्जन्माच्या गोष्टीनंतर हा चित्रपट पाहिला की एकाच लेखकाच्या मनात किती दूरदूरच्या गोष्टी नांदत होत्या ते कळते. ‘अजांत्रिक’चे संगीत सरोदवादक अली अकबर खाँ यांचे आहे, म्हणजे चित्रपटातून शास्त्रीय संगीताकडे जाणारे दार इथेच उघडते. बेदींच्या नावाने गेले तर उर्दू कथासाहित्यात प्रवेश होतो. त्यांची ‘एक चादर मैली सी’ ही लहानशी कादंबरी अशा वाचकाने सर्वांत आधी घ्यावी, कारण ती एका बैठकीत संपते आणि नंतर बरेच दिवस डोक्यातून जात नाही.

सलील चौधरी आणि हृषीकेश मुखर्जी या दोघांचा माग काढणारा एका अनपेक्षित ठिकाणी पोहोचतो. रामू करिआट यांच्या १९६५ सालच्या ‘चेम्मीन’ या मल्याळम चित्रपटाला संगीत सलीलदांचे आहे आणि त्याच्या संकलनात हृषीकेश मुखर्जींचा हात आहे. हा चित्रपट तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या १९५६ सालच्या त्याच नावाच्या कादंबरीवर बेतलेला असून, मच्छीमारांच्या वस्तीतली निषिद्ध प्रेमाची ती कथा आहे. भाषा येत नसेल तरी बिघडत नाही. ‘मधुमती’तली डोंगरातली गाणी आणि ‘चेम्मीन’मधली समुद्राकाठची गाणी लागोपाठ ऐकली तर एकाच संगीतकाराने दोन भूभागांसाठी लय कशी बदलली ते कानाला स्पष्ट कळते.

शैलेंद्र यांची वाट सर्वांत लांब जाते. त्यांनी स्वतः निर्माण केलेला ‘तीसरी कसम’ हा बासू भट्टाचार्य दिग्दर्शित चित्रपट १९६६ साली आला. मूळ कथा फणीश्वरनाथ रेणू यांची ‘मारे गए गुलफाम’, संवादही रेणूंचेच. बैलगाडी हाकणारा हिरामन आणि नौटंकीत काम करणारी हिराबाई यांच्या प्रवासाची ही गोष्ट आधी वाचून मग पाहावी, असे माझे ठाम मत आहे, कारण रेणूंच्या भाषेतले आवाज, म्हणजे बैलांच्या गळ्यातल्या घंटा आणि रस्त्यावरच्या हाका, एकदा कानात बसले की चित्रपट अधिक ऐकू येतो. जाता जाता एक गंमत : ‘अजांत्रिक’मधला मोटारचालक आणि ‘तीसरी कसम’मधला गाडीवान हे दोघे भाऊ शोभावेत इतके एकमेकांसारखे आहेत, दोघांचीही जवळीक आधी आपल्या वाहनाशी आहे, आणि तरीही हे दोन चित्रपट एकत्र पाहण्याचे सहसा कोणी सुचवत नाही.

‘तीसरी कसम’चे छायालेखन सुब्रत मित्र यांचे आहे. म्हणजे सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ (१९५५) ज्यांनी टिपला तेच हे छायालेखक. त्यानंतरच्या ‘अपराजितो’साठी (१९५६) बनारसमधल्या जुन्या घराचे अंगण स्टुडिओत उभे केले गेले, तेव्हा वरून झिरपणारा, सावल्या न पाडणारा उजेड कसा आणायचा हा प्रश्न होता. सुब्रत मित्रांनी सेटच्या वर कापड ताणले, दिवे त्या कापडावर रोखले आणि तिथून परावर्तित होऊन खाली येणारा मऊ प्रकाश वापरला. ‘अपराजितो’ पाहताना अंगणातल्या दृश्यांत माणसांच्या मागच्या भिंतीकडे लक्ष द्यावे. स्टुडिओतल्या दिव्यांमुळे पडणाऱ्या दुहेरी सावल्या तिथे दिसत नाहीत. ही एक गोष्ट पाहायला डोळा शिकला की इतर चित्रपटांतला कृत्रिम उजेड लगेच खटकू लागतो.

तिसरी पायरी : एका वेळी एकच वाट

वरचे उदाहरण वाचून सगळ्या वाटा एकदम धरण्याचा मोह होतो. तो आवरावा. पहिल्या पायरीत लिहिलेले वाक्य पुन्हा वाचावे आणि त्या वाक्याला जबाबदार असलेले एकच नाव निवडावे. त्या नावाच्या निदान तीन कलाकृती पाहिल्याशिवाय, वाचल्याशिवाय किंवा ऐकल्याशिवाय दुसरे नाव घेऊ नये. दोन कलाकृतींतले साम्य योगायोगाचेही असू शकते. तिसऱ्या वेळी ते पुन्हा दिसले तर ती त्या माणसाची सही आहे असे धरायला हरकत नाही.

जपानी चित्रपटांकडे वळू इच्छिणाऱ्यांना मी काझुओ मियागावा हे छायालेखकाचे नाव देतो. अकिरा कुरोसावा यांचा ‘राशोमोन’ (१९५०), केंजी मिझोगुची यांचा ‘उगेत्सु’ (१९५३) आणि यासुजिरो ओझू यांचा ‘फ्लोटिंग वीड्स’ (१९५९) हे तीनही त्यांनी टिपले. तीन दिग्दर्शक, तीन अगदी वेगळे स्वभाव आणि नजर एकाच माणसाची. ‘राशोमोन’मध्ये कॅमेरा झाडांतून धावतो, ‘उगेत्सु’मध्ये तो तरंगत सरकतो आणि ओझूंकडे तो बसल्या जागेवरून हलत नाही. हे तीन चित्रपट याच क्रमाने पाहावेत. छायालेखक स्वतःची कुवत दिग्दर्शकाच्या स्वभावात कशी मिसळून टाकतो ते त्यातून जितके कळते तितके पुस्तके वाचून कळणार नाही.

चौथी पायरी : याद्या वापरायच्या असतील तर अशा वापरा

याद्या निरुपयोगी नाहीत. त्यांची बेरीज मात्र फसवी असते. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश नियतकालिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांची मते मागवते. पहिल्या वेळी ‘बायसिकल थीव्ह्ज’ अग्रस्थानी होता, १९६२ ते २००२ या काळात ‘सिटिझन केन’, २०१२ साली ‘व्हर्टिगो’ आणि २०२२ साली शांताल आकेरमान यांचा १९७५ सालचा ‘जान दीलमान’. चित्रपट तेच राहिले. मत देणारी माणसे आणि त्यांची दृष्टी बदलली. म्हणून पहिल्या क्रमांकावर काय आहे याला फारसे महत्त्व देऊ नये.

खरा उपयोग वेगळ्याच ठिकाणी आहे. अलीकडच्या फेऱ्यांत प्रत्येक मतदात्याने दिलेली दहा नावे स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली आहेत. आपल्याला अतिशय आवडणारे, पण फारसे प्रसिद्ध नसलेले दोन चित्रपट ज्याच्या यादीत एकत्र सापडतात असा मतदाता शोधावा. त्याची उरलेली आठ नावे ही आपल्यासाठी हजारो मतांच्या बेरजेपेक्षा जास्त मोलाची असतात. पुस्तकांच्या आणि संगीताच्या बाबतीतही हाच नियम लागू होतो : सरासरी टाळावी आणि आपल्या रुचीचा एक माणूस गाठावा.

पाचवी पायरी : पुस्तकांत अनुवादकाचे नाव शोधा

चित्रपटाला श्रेयनामावली असते, तशी पुस्तकाला दिसत नाही. पण ती असते. मुखपृष्ठावर लेखक, आतल्या पानावर अनुवादक, अर्पणपत्रिकेत आणि ऋणनिर्देशात मित्र आणि गुरू, प्रस्तावनेत आधीच्या पुस्तकांचे उल्लेख. यांपैकी अनुवादकाचे नाव सर्वांत फलदायी ठरते. अनुवादक एका पुस्तकासोबत कित्येक महिने राहतो; त्यामुळे त्याने निवडलेल्या पुस्तकांची रांग ही एका जाणकार वाचकाची रांग असते.

इंग्रजीतून लॅटिन अमेरिकेचे साहित्य वाचणाऱ्यांसाठी ग्रेगरी राबासा हे नाव पुरेसे आहे. हूलिओ कोर्तासार यांच्या ‘हॉपस्कॉच’चा त्यांचा अनुवाद १९६६ साली आला. कोर्तासारांच्याच सल्ल्यावरून गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांनी राबासांना सवड मिळेपर्यंत थांबण्याचे ठरवले आणि १९७० साली ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ इंग्रजीत अवतरले. मार्केझ बहुतेकांनी वाचलेले असतात; राबासांचा माग मात्र पुढे ब्राझीलमध्ये नेतो. त्यांनी क्लारिस लिस्पेक्टर यांची ‘द ॲपल इन द डार्क’ आणि माशादो दि आसिस यांची ‘द पॉस्थुमस मेम्वार्स ऑफ ब्रास कुबास’ या कादंबऱ्या इंग्रजीत आणल्या. दुसरी मूळ पोर्तुगीजमध्ये १८८१ साली पुस्तकरूपाने आली असून, तिचा निवेदक मृत आहे आणि मेल्यानंतरच लिहायला बसला आहे. मार्केझ आवडणाऱ्या वाचकाला मी पुढचे पुस्तक म्हणून बहुतेक वेळा हेच सुचवतो, कारण त्यातला विनोद कोरडा आहे आणि प्रकरणे पानभराची आहेत.

मराठीत या वाटेने जाणाऱ्यांना दोन प्रकारचे अनुवादक भेटतात. एक म्हणजे ज्यांनी अनुवाद हेच आपले मुख्य काम मानले ते. उमा कुलकर्णी यांनी एस. एल. भैरप्पा आणि शिवराम कारंत यांच्यासारखे कन्नड लेखक मराठीत आणले; भैरप्पांच्या ‘पर्व’मुळे महाभारताकडे पाहण्याची अनेक मराठी वाचकांची रीत बदलली. त्यांचे ‘संवादु अनुवादु’ हे आत्मकथन अनुवाद वाचण्याआधी किंवा नंतर, केव्हाही वाचावे. पडद्यामागचे काम समजून घेण्याचा तो थेट मार्ग आहे.

दुसरा प्रकार मला अधिक औत्सुक्याचा वाटतो. स्वतः मोठा लेखक असलेला माणूस जेव्हा दुसऱ्याचे पुस्तक अनुवादासाठी निवडतो, तेव्हा त्याला काय भावत होते याची तो नकळत कबुली देत असतो. जी. ए. कुलकर्णी यांनी कॉनरॅड रिक्टर या अमेरिकी कादंबरीकाराची त्रयी मराठीत आणली : ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’. घनदाट अरण्यात येऊन राहिलेले एक कुटुंब, मग तोडलेले रान, मग शेती आणि शेवटी उभे राहिलेले गाव असा तिचा पल्ला आहे. जीएंच्या कथांतली नियती ज्यांना आवडते त्यांनी ‘रान’ जरूर वाचावे; निसर्ग आणि माणूस यांच्यातला तोच निर्विकार झगडा तिथे वेगळ्या भूमीवर दिसतो. दुर्गा भागवतांनी थोरोच्या ‘वॉल्डन’चे ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ केले, पु. ल. देशपांडे यांनी हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याला ‘एका कोळियाने’मध्ये मराठी बोलायला लावले. अनुवाद वाचल्यावर त्या लेखकाच्या स्वतःच्या पुस्तकाकडे परत जावे. जुनी ओळखीची पाने वेगळी दिसू लागतात.

एकाच पुस्तकाचे दोन अनुवाद मिळत असतील तर दोहोंची पहिली दोन पाने शेजारी ठेवून वाचावीत आणि ज्याचे वाक्य मोठ्याने वाचताना अडखळत नाही तो घ्यावा. याहून शास्त्रोक्त कसोटी सामान्य वाचकाला लागत नाही.

चित्रपटाकडून कवितेकडे जाणारीही एक सुंदर वाट आहे. अब्बास किआरोस्तामी यांच्या ‘व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?’ (१९८७) या इराणी चित्रपटाचे नाव सोहराब सेपेहरी यांच्या कवितेतून आले आहे आणि ‘द विंड विल कॅरी अस’ (१९९९) हे नाव फरोग फरोखजाद यांच्या कवितेतून. फरोग यांचा माग काढला की कळते, या कवयित्रीने स्वतःही एक चित्रपट केला होता : ‘द हाउस इज ब्लॅक’ हा कुष्ठरुग्णांच्या वसाहतीवरचा, वीसेक मिनिटांचा माहितीपट. दिग्दर्शकाकडून कवितेकडे आणि कवितेकडून पुन्हा चित्रपटाकडे असा हा फेरा एका संध्याकाळी पूर्ण होतो.

सहावी पायरी : संगीतात आधी छोटे ऐका, मग लांब

रागसंगीत ऐकायला सुरुवात करणाऱ्याला बहुतेक जण तासाभराची मैफल देतात, आणि नवखा श्रोता विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, ख्यालातच वाट चुकतो. त्याऐवजी जुन्या तबकड्यांपासून सुरुवात करावी. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटेच मावत. त्या बंधनामुळे गायकाला रागाचा गाभा, बंदिश आणि ताना इतक्या थोड्या वेळात बसवाव्या लागत. अब्दुल करीम खाँ यांची ‘पिया बिन नहीं आवत चैन’ ही झिंझोटीतली ठुमरी आणि केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी, या दोन तबकड्यांपासून आरंभ करावा. प्रत्येक तबकडी सलग तीनदा ऐकावी : पहिल्यांदा फक्त आवाज, दुसऱ्यांदा फक्त तबला आणि समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, जागा, तिसऱ्यांदा दोन्ही मिळून. तिसऱ्या वेळी जर समेवर आपोआप मान हलली, तर लांब मैफलीसाठी कान तयार झाला असे समजावे.

त्यानंतर घराण्याच्या आडव्या वाटेने जावे. केसरबाई या जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ यांच्या शिष्या. मोगूबाई कुर्डीकरही त्यांच्याच शिष्या. मल्लिकार्जुन मन्सूर यांना अल्लादिया खाँ यांचे पुत्र मंजी खाँ आणि भूर्जी खाँ यांची तालीम मिळाली. किशोरी आमोणकर या मोगूबाईंच्या कन्या आणि शिष्या. जयपूर-अत्रौली घराण्यात आवडीने गायला जाणारा नंद किंवा बिहागडा यांसारखा एखादा राग घ्यावा आणि या मंडळींपैकी ज्यांची ध्वनिमुद्रणे मिळतील त्यांचा तो एकामागून एक ऐकावा. शिस्त एकच असूनही मन्सूरांची लय सतत पुढे ढकलत नेते आणि किशोरीताई एका स्वरापाशी थांबून त्याचे अंतरंग धुंडाळतात, हा फरक शास्त्र न शिकताही कळतो. वाचनाची जोड हवी असेल तर नमिता देवीदयाल यांचे ‘द म्युझिक रूम’ हे पुस्तक घ्यावे. केसरबाईंच्या शिष्या धोंडूताई कुलकर्णी त्याच्या केंद्रस्थानी आहेत.

आता केसरबाईंच्याच भैरवीचा दुसरा, फार लांब जाणारा धागा. १९७७ साली अवकाशात सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, तिच्यावरच्या २७ संगीतरचनांत ‘जात कहाँ हो’ आहे. पृथ्वीची ओळख करून देण्यासाठी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या समितीने केलेली ही निवड माणसांसाठीही उत्तम शिफारस ठरते, कारण तिच्यातल्या रचना लहान आहेत आणि एकमेकींपासून दूरच्या आहेत. पूर्ण यादीपैकी मी आधी चार सांगेन : बल्गेरियाच्या वाल्या बाल्कान्स्का यांचे डोंगरी गाणे, जॉर्जियातले ‘चाक्रुलो’ हे पुरुषांचे समूहगान, ग्वान पिंगहू यांनी छिनवर, म्हणजे चिनी तंतुवाद्यावर वाजवलेली ‘वाहते पाणी’ ही रचना, आणि ब्लाइंड विली जॉन्सन यांचे १९२७ साली ध्वनिमुद्रित झालेले ‘डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड’. शेवटच्या गाण्यात शब्द जवळजवळ नाहीतच; तारेवर घसरणारा गिटारचा सूर आणि हुंकार एवढेच आहे.

त्या हुंकारापाशी थांबू नये. विम वेंडर्स यांच्या ‘पॅरिस, टेक्सस’ (१९८४) या चित्रपटाचे संगीत अमेरिकी गिटारवादक राय कूडर यांनी याच गाण्यावर बेतले आहे. वाळवंटातून चालत येणारा माणूस आणि घसरता गिटार यांचे नाते तिथे कायमचे जुळले. कूडर यांचा माग काढला तर १९९३ सालचा ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ हा अल्बम सापडतो, आणि त्यात त्यांच्यासोबत मोहनवीणेवर, म्हणजे गिटारमध्ये बदल करून घडवलेल्या वाद्यावर, आहेत विश्वमोहन भट्ट. पुढच्या वर्षी मालीचे गिटारवादक अली फरका तुरे यांच्यासोबतचा ‘टॉकिंग टिंबक्टू’ आला. भट्ट हे रविशंकरांचे शिष्य, आणि रविशंकरांनी ‘पथेर पांचाली’ला संगीत दिले होते. म्हणजे ‘मधुमती’पासून निघालेला आणि भैरवीपासून निघालेला असे दोन्ही धागे इथे एकमेकांना भेटतात. अशी भेट नेहमी घडत नाही, पण घडते तेव्हा आपल्या शोधाला खरोखर दिशा होती हे पटते.

चित्रपटसंगीतात संगीत-संयोजकांची नावे शोधणे सर्वांत अवघड, कारण ती तबकड्यांवर छापली जात नसत. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांचा वाद्यमेळ बांधणारे सेबास्टियन डिसूझा, किंवा प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्सालव्हिस, ज्यांच्या नावावरून १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’मधले गाणे आले, हे लोक बराच काळ फक्त वादकांच्या आठवणींत राहिले. ग्रेगरी बूथ यांचे ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक मुंबईच्या या वादकांशी बोलून लिहिलेले आहे. ते वाचताना प्रत्येक प्रकरणापाशी थांबून त्यातली दोन गाणी हेडफोन लावून ऐकावीत आणि लक्ष गायकावर न ठेवता अंतऱ्याआधीच्या वाद्यसंगीतावर ठेवावे.

सातवी पायरी : नाव खरे आहे ना, ते तपासा

माग काढणाऱ्याने एक खबरदारी घ्यावी. ‘संत तुकाराम’ (१९३६) या प्रभातच्या चित्रपटातले ‘आधी बीज एकले’ हे पद कित्येकांना तुकारामांचाच अभंग वाटत आले आहे. प्रत्यक्षात ते शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिले. गाथेत ते शोधणाऱ्याचे कष्ट वाया जातील. पण आठवले आणि संगीतकार केशवराव भोळे यांच्या दिशेने गेला तर त्याला पुष्कळ मिळेल. उलट बाजूचे उदाहरण पोलंडचे आहे. क्रिस्टोफ किस्लोव्हस्की यांच्या चित्रपटांत व्हान डेन बुडेनमायर या जुन्या डच संगीतकाराचा उल्लेख येतो. असा कोणी संगीतकार कधी झालाच नाही. ते संगीत झ्बिग्न्येव प्राइझ्नर यांचे आहे आणि तो माणूस त्यांनी आणि दिग्दर्शकाने मिळून रचला आहे. ‘द डबल लाइफ ऑफ व्हेरोनिक’ (१९९१) आणि ‘थ्री कलर्स : ब्लू’ (१९९३) हे दोन्ही चित्रपट यासाठीही पाहावेत. कोणतेही नाव निदान दोन स्वतंत्र ठिकाणी सापडल्याशिवाय वहीत पक्के करू नये.

आठवी पायरी : प्रत कोणती ते पाहा

जुना चित्रपट कंटाळवाणा वाटला, तर दोष पुष्कळदा प्रतीचा असतो. ‘पथेर पांचाली’च्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधल्या आगीत होरपळल्या होत्या, त्यांतून जे वाचले त्यावरून झालेली पुनरुज्जीवित प्रत २०१५ साली प्रदर्शित झाली. ती आणि इंटरनेटवर फिरणारी धूसर प्रत यांत इतका फरक आहे की दुसरीवरून सुब्रत मित्रांबद्दल मत बनवणे अन्यायाचे ठरेल. जुना, जवळजवळ चौकोनी चौकटीचा चित्रपट रुंद पडदा भरावा म्हणून ताणू किंवा कापू नये; बाजूला काळे पट्टे राहिले तर राहू द्यावेत. टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद करावी. तबकड्यांच्या बाबतीत खरखर पूर्ण पुसलेल्या ध्वनिमुद्रणापेक्षा थोडी खरखर असलेले बरे, कारण खरखरीबरोबर आवाजाची धारही पुसली जाते.

नववी पायरी : कधी सोडायचे ते ठरवा

सगळे शेवटपर्यंत नेण्याचा हट्ट धरू नये, परंतु माध्यमानुसार धीर वेगळा ठेवावा. संथ चित्रपटाला अर्धा तास द्यावा, कारण त्याची लय अंगवळणी पडायला तेवढा वेळ लागतो. कादंबरीला पन्नास पाने पुरेत. कवितासंग्रह कुठूनही उघडावा. रागसंगीताला मात्र एका बैठकीत न्याय देता येत नाही. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या मनःस्थितीत तीनदा ऐकूनही काही घडले नाही तरच ते बाजूला ठेवावे. सोडलेल्या गोष्टीचे नाव आणि जिथे सोडली ती जागा वहीत लिहावी. ‘जान दीलमान’ तीन तासांहून लांब आहे आणि त्यात एक स्त्री बराच वेळ घरकाम करते. पहिल्या खेपेला तो सोडून देणारे अनेक असतील, आणि त्यात काहीच गैर नाही.

दहावी पायरी : दुसऱ्याला सुचवताना

एका वेळी एकच गोष्ट सुचवावी आणि तिच्यासोबत तीन गोष्टी सांगाव्यात : ती का सुचवत आहात, तिच्यात काय जड जाईल, आणि किती वेळ काढून बसायचे. ‘अपराजितो पाहा, अप्रतिम आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘तुम्हाला तीसरी कसममधला उजेड आवडला होता, त्याच छायालेखकाचा आहे, मधला भाग उदास आहे, दोन तास मोकळे ठेवा’ असे सांगावे. समोरच्या माणसाने आधी काय पाहिले, वाचले किंवा ऐकले आहे आणि त्यात त्याला नेमके काय भावले, हे विचारल्याशिवाय शिफारस करूच नये. नाहीतर ती शिफारस राहत नाही, आपल्याच आवडीचे प्रदर्शन होते. काही दिवसांनी त्याने ‘जमले नाही’ असे सांगितले तर वाद घालू नये. कुठे थांबलात एवढेच विचारावे, ती जागा आपल्या वहीत टिपावी आणि पुढच्या वेळी त्याच कलाकृतीच्या श्रेयनामावलीतले दुसरे नाव घेऊन सुचवावे.